वेताळाचे अंक बांधायचे, पण कोणत्या क्रमाने?

वेंगुर्लेकर

आमच्या वाचनालयाला गेल्या महिन्यात एका घराच्या माळ्यावरून इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांच्या दोन पेट्या मिळाल्या. निवड करता १४६ अंक धड निघाले आणि त्यांपैकी ९० वेताळाचे, म्हणजे इंग्रजीतील ‘फँटम’चे आहेत. पिना गंजल्या आहेत, काही अंकांना कसर लागली आहे आणि पावसाळा तोंडावर आला आहे. म्हणून वेताळाच्या अंकांचे दहा-दहांचे नऊ खंड बांधून घ्यावेत, इथपर्यंत कार्यकारिणीचे एकमत झाले. क्रम कोणता, यावर मात्र दोन सभा होऊनही निर्णय झालेला नाही.

माझे मत स्पष्ट आहे. अंकावरचा क्रमांक बाजूला ठेवावा आणि कथा मूळ ज्या क्रमाने वृत्तपत्रांत आल्या त्या क्रमाने बांधाव्यात. ली फॉक यांची वेताळाची दैनिक चित्रमालिका १७ फेब्रुवारी १९३६ रोजी सुरू झाली आणि रविवारची स्वतंत्र मालिका २८ मे १९३९ रोजी. इंद्रजालचा पहिला अंक निघाला मार्च १९६४ मध्ये, म्हणजे तोवर २८ वर्षांच्या कथा साठलेल्या होत्या आणि संपादकांनी त्यांतून हव्या त्या उचलल्या. त्यामुळे चित्रकार विल्सन मॅककॉय यांचा साधा, जाड रेषेचा वेताळ आणि साय बॅरी यांचा रेखीव वेताळ एकामागोमाग येतात आणि नव्या वाचकाला हा एकच माणूस आहे की दोन, असा प्रश्न पडतो. मूळ मालिकेत वेताळ आणि डायनाचे लग्न १९७७ मध्ये होते, १९७९ मध्ये त्यांना जुळी मुले होतात. आमच्या पेट्यांतील अंक क्रमांकाने लावले, तर संसारी वेताळानंतर तो पुन्हा ब्रह्मचारी झालेला दिसतो. फॉक १९९९ मध्ये मरेपर्यंत स्वतः ही कथा लिहीत होते. सहा दशके एकाच लेखकाची असलेली गोष्ट त्याच्याच क्रमाने वाचायला मिळावी, ही अपेक्षा अवाजवी आहे काय?

गुहागरकर

अवाजवी नाही, पण आपल्या पेट्यांत जे आहे त्याला ती लागू पडत नाही. आपल्याकडे आहे ते फॉक यांच्या पट्ट्यांचे मराठी रूप नसून इंद्रजाल नावाचे वेगळे प्रकाशन आहे. भारतीय वाचकाला खटकू नये म्हणून वेताळाच्या देशाचे मूळचे नाव बंगाली येथे डेंकाली झाले, सिंग चाचे सिंगा झाले, आणि वेताळाच्या बापाचा खून करणारा रामा हा रामालू झाला. पानांत बसावे म्हणून चौकटी कापल्या, काही गाळल्या. असे अंक मूळ तारखांप्रमाणे लावले म्हणजे ते मूळ होत नाहीत. उलट ते मूळ आहेत असा आभास मात्र निर्माण होतो.

दुसरे असे की, ज्यांना मूळ क्रम हवा आहे त्यांच्यासाठी अमेरिकेत हर्मिस प्रेसने २०१० पासून दैनिक पट्ट्यांचे खंड १९३६ पासून ओळीने काढले आहेत. ते काम झालेले आहे. मराठी इंद्रजालचा संच क्रमांकाने लावून ठेवणे हे काम कोणी केले आहे? जुन्या अंकाच्या शोधात येणारा मनुष्य क्रमांक सांगत येतो. त्याशिवाय १२३ आणि १२४ हे अंक संपामुळे छापलेच गेले नाहीत, ही गोष्ट क्रमांकाने लावलेल्या संचातच कळते; तुमच्या पद्धतीने ते दोन अंक हरवले की नव्हतेच, हे कोणालाही उमगणार नाही.

आणि ९० अंकांत मूळ क्रम लावणार तरी कसा? जुने कॉमिक्स खंडरूपाने पुन्हा छापणारी मार्व्हलची एपिक कलेक्शन ही मालिका २०१३ पासून निघते. तिच्या खंडांवरचे आकडे कथेच्या क्रमाचे असतात, पण खंड मात्र मागेपुढे प्रसिद्ध होतात. त्यामुळे घेणाऱ्याच्या फळीवर वर्षानुवर्षे दात पडल्यासारख्या फटी राहतात. तेथे निदान पुढचा खंड येण्याची आशा असते. आपल्या फटी कायमच्या आहेत.

देवगडचा शिक्षक

दोघांच्याही वादात वाचणारे मूल कोठे आहे, हे मला सापडले नाही. माझ्या शाळेतील सहावीच्या मुलांना १९३६ शी कर्तव्य नाही आणि अंक क्रमांकाशीही नाही. त्यांचा पहिला प्रश्न असतो, हा वेताळ म्हणजे आरवलीचा वेतोबा का? गावाची राखण करायला रात्री फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात म्हणून भाविक ज्याला भल्यामोठ्या चपला वाहतात, तो देव त्यांच्या ओळखीचा आहे. त्यामुळे न मरणारा, जंगलाची राखण करणारा वेताळ त्यांना परका वाटत नाही. (हे नाव ज्याने निवडले त्याने कोकणापुरते तरी फार मोठे काम केले.) त्यांना हवे असते ते मूळ: १५३६ मधील पहिल्या वेताळाची कवटीवरची शपथ, मग बापामागून मुलगा असे वेताळ होत गेलेले त्याचे वंशज, आणि शेवटी आजचा एकविसावा. कथेतील काळाप्रमाणे खंड लावा. बॅटमॅन १९३९ चा असला, तरी त्याच्या पहिल्या वर्षाची १९८७ मध्ये ४०४ ते ४०७ या अंकांत आलेली कथाच नव्या वाचकाच्या हाती आधी दिली जाते, आणि त्यात कोणी पाप मानत नाही.

वेंगुर्लेकर

शिक्षकमहाशय, आपला हेतू मान्य, उपाय मान्य नाही. पूर्वजांच्या बहुतेक कथा एकविसावा वेताळ कवटीच्या गुहेतील जुन्या बखरी उघडून वाचतो, तेव्हा सुरू होतात. बखर वाचणारा कोण हे ठाऊक नसताना बखर पुढे ठेवली, तर कथेची निम्मी गंमत जाते. शिवाय एका अंकात अर्धी कथा आजची आणि अर्धी चारशे वर्षांपूर्वीची असेल, तर तो अंक कोणत्या खंडात घालणार? फाडणार काय?

गुहागरकरांचा फटींचा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. रॉबर्ट कर्कमन यांच्या इन्व्हिन्सिबल या कॉमिक्स मालिकेचे २००३ ते २०१८ या काळात १४४ अंक निघाले आणि त्यांचे तीन जाड खंड झाले. तेथे क्रमाचा वादच उद्भवत नाही. मी वेताळाकडे त्याच नजरेने पाहत होतो.

गुहागरकर

तेथेच आपली गफलत होते आहे. इन्व्हिन्सिबल पहिल्या अंकापासून शेवटाकडे जाते. वेताळ रोजच्या वर्तमानपत्रातला. कोणत्याही सोमवारी नवा वाचक येणार हे गृहीत धरून फॉक शपथ, गुहा आणि कवटीची अंगठी पुन्हा पुन्हा सांगत राहिले. क्रमावाचून कळावी अशीच ती रचना आहे. आपणही ते तसेच वाचले. गणपतीला किंवा मे महिन्यात चाकरमानी मुंबईहून पिशवीत जे चार अंक आणत तेवढेच आपल्याला मिळत, आणि त्यांत लग्न आधी वाचले की शपथ आधी, याने कोणाचे काही बिघडले नाही.

माजी ग्रंथपाल, मालवण

मी बांधणीपुरतेच लिहितो. बाइंडर खंड शिवून झाल्यावर तिन्ही कडा कापतो. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यातील क्रमांक पुष्कळदा त्या कापणीत जातो आणि मग गुहागरकरांचा क्रमही अर्धा पुसला जातो. ऐंशीच्या दशकात इंद्रजालने सलग क्रमांक सोडून खंड आणि अंक अशी पद्धत घेतली, त्यामुळे त्या काळातील अंक केवळ आकडा पाहून लावायला गेलात तर चुकाल. आतील तारीख पाहावी लागेल. कडा कापू नका, असे बाइंडरला लेखी सांगा. मुखपृष्ठे आत घ्यायला लावा. खळीत मोरचूद घातल्याखेरीज आपल्या हवेत एक पावसाळाही निघणार नाही.

वेंगुर्लेकर

क्रमांकांचा हा घोळ माझ्या ध्यानात आला नव्हता. तरीही फटींचा मुद्दा मला खोडता येत नाही, म्हणून रविवारच्या सभेत मी माझा प्रस्ताव मागे घेऊन गुहागरकरांचा मांडतो. मात्र प्रत्येक खंडाच्या आरंभी एक कोरे पान शिवून घेणार आहे आणि त्यावर त्या दहा कथांची मूळ वर्षे हाताने लिहिणार आहे. त्याला तरी कोणाची हरकत नसावी.

गुहागरकर

शाईने लिहू नका. ओलीने पसरते. पेन्सिलीने लिहा.