केबलचं रेकॉर्डिंग घरच्या कॉम्प्युटरवर: कामाचं की नुसता खटाटोप?

चोपडेकर

परवा लग्नाच्या पंगतीत साडूने विषय काढला. "आता केबल कोण बघतं? आणि हा पठ्ठ्या ती रेकॉर्ड करत बसतो!" सगळे हसले, मीही हसलो. पण डोक्यातून ते काही जाईना, म्हणून इथे मांडतो.

मालिका, मॅच, सिनेमे मी रेकॉर्ड करत नाही. ते सगळं ॲपवर पडलेलंच असतं. मी रेकॉर्ड करतो फक्त आमच्या गावच्या केबलचं लोकल चॅनल. सप्त्यातलं कीर्तन, बाजार समितीचे भाव, शाळेचं गॅदरिंग, अहिराणी नकला, गणपतीची मिरवणूक. हे आज लागतं आणि उद्या कुठेच सापडत नाही.

माझं सामान: जुना लॅपटॉप, दुसरा सेट टॉप बॉक्स, बॉक्सच्या मागच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांना लावायचं यूएसबी कॅप्चर (बॉक्सचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारी डबी), आणि बॉक्ससमोर डबल टेपने चिकटवलेला एक छोटा इन्फ्रारेड दिवा. वेळ झाली की लॅपटॉप त्या दिव्यातून रिमोटचा आकडा दाबतो आणि रेकॉर्डिंग चालू करतो. जेलीफिन नावाच्या सॉफ्टवेअरमधून ते घरातल्या टीव्हीवर दिसतं, आणि बहिणीला पुण्यात मोबाईलवरही.

आप्पा ७८ वर्षांचे आहेत. कीर्तन रात्री नऊला लागतं, त्यांचा डोळा साडेआठलाच लागतो. आता सकाळी चहाबरोबर ऐकतात.

माझं म्हणणं एवढंच, की प्रत्येक गावात निदान एका घरी हे चालू असावं. तुम्हाला काय वाटतं?

भुसावळ_जंक्शन

भाऊ, राग मानू नका, पण हा शुद्ध हौसेचा मामला आहे. लोकल चॅनलवाले आता स्वतःच यूट्यूबवर लाईव्ह करतात. वर पिवळ्या पिनेतून येणारं चित्र म्हणजे धुतलेला रंग. माणूस लेझीम खेळायला लागला की त्याच्या हातापायाला कंगव्याचे दात फुटतात. आणि चोवीस तास मशीन चालू म्हणजे बिल कोण भरणार?

चोपडेकर

बिलाचं आधी. लॅपटॉप साधारण १५ वॅट खातो, म्हणजे दिवसाला पाव-अर्धा युनिट, महिन्याला अकराच्या आसपास. मोठा कॉम्प्युटर ६० वॅट खाणारा असेल तर महिन्याला ४३ युनिट होतात. ते मलाही परवडलं नसतं.

कंगव्याचे दात खरे आहेत. आपल्याकडचं एसडी, म्हणजे एचडी नसलेलं साधं चित्र अर्ध्या-अर्ध्या ओळींनी येतं, सेकंदाला ५० वेळा. कॉम्प्युटर दोन अर्ध एकत्र चिकटवतो आणि मधल्या काळात हात हललेला असतो. एफएफएमपेग या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये 'याडिफ' नावाची गाळणी लावली की दात जातात. रंग मात्र तेवढाच राहतो, ते कबूल.

आता यूट्यूब. मिरवणुकीत बँड हिंदी गाणी वाजवतो. यूट्यूबला ते ऐकू आलं की कधी आवाज बंद, कधी अख्खा व्हिडिओ गायब. गेल्या वर्षी आमच्या पेठेच्या विसर्जनाचा लाईव्ह दुसऱ्या दिवशी दिसेनासा झाला होता. माझ्या डिस्कवर तो आहे, बँडसकट.

लाईनवाला

मी केबलचा धंदा करतो, तुमच्याच जिल्ह्यात. नाव-गाव सांगत नाही.

रेकॉर्डिंग करा, आमची हरकत नाही. पण पुण्याच्या बहिणीचं काय? आधी लोक एका बॉक्सवर तीन टीव्ही चालवायचे, आता तुम्ही एका बॉक्सवर तीन जिल्हे चालवणार! २०१९ मध्ये शंभर चॅनलच्या मूळ भाड्याचे जास्तीत जास्त १३० रुपये ठरले होते, जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. भाड्यातून वरच्या कंपनीला द्यायचं, खांबावर चढणाऱ्या पोराला द्यायचं, पावसाळ्यात जळालेले ॲम्प्लिफायर बदलायचे. त्यात एक जण लाईन घेणार आणि पाच नातेवाईक फुकट बघणार. हे काही बरोबर नाही दादा.

शहाद्याचा_पोऱ्या

लाईनवाले नाना, खरी चूक बॉक्सची आहे. २००५-०६ ला आमच्या घरी टीव्ही ट्यूनर कार्ड होतं. भिंतीतून आलेली वायर सरळ कॉम्प्युटरात, सगळी चॅनल मोकळी. मग डिजिटल आलं. आपल्यासारख्या नगरपालिकांची मुदत ३१ डिसेंबर २०१५ आणि खेड्यांची शेवटी ३१ मार्च २०१७. तेव्हापासून सिग्नल कुलूपबंद, किल्ली बॉक्समधल्या कार्डात.

अमेरिकेत हेच कुलूप होतं, पण तिथे सरकारने केबल कंपन्यांना किल्ली वेगळी द्यायला लावली, केबलकार्ड नावाची. ती एचडीहोमरन प्राईमच्या डबीत घातली की तीन चॅनल एकदम नेटवर्कवर. विंडोज मीडिया सेंटर ते रेकॉर्ड करायचं. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला ते काढून टाकलं आणि २०२० मध्ये केबलकार्डचा नियमही गेला. आपल्याकडे तशी किल्ली आलीच नाही, म्हणून चोपडेकर भाऊंना दिवा चिकटवावा लागतो.

मी तर केबल सोडून डीडी फ्री डिशवर, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत छत्रीवर आलो. उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व. त्यातली एमपेग-२ या जुन्या पद्धतीची चॅनल मोकळी आहेत. छत्रीची वायर यूएसबी ट्यूनरला, ट्यूनर टीव्हीहेडएंड या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला, बस्स. बॉक्स नको, दिवा नको, सह्याद्री जशीच्या तशी उतरते.

चोपडेकर

सगळं मान्य रे भो, पण फ्री डिशवर आमच्या पेठेचं कीर्तन लागतं का?

शहाद्याचा_पोऱ्या

नाही लागत 🙂

काळा_कोट_धुळे

दोन कलमं सांगून ठेवतो, म्हणजे भांडण नेमकं होईल. कॉपीराइट कायदा १९५७. कलम ३७ प्रमाणे प्रसारण करणाऱ्याला त्याच्या प्रसारणावर स्वतंत्र हक्क असतो. कलम ३९ त्याला अपवाद देतं: स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेलं रेकॉर्डिंग हा भंग नाही. म्हणजे आप्पांचं सकाळचं कीर्तन सुखरूप.

पण अपवादात 'रेकॉर्डिंग करणाऱ्याच्या' खासगी वापराची भाषा आहे. पुण्याची बहीण त्यात बसते का, यावर मी दोन्ही बाजूंनी फी घेऊन भांडू शकतो. फेसबुक ग्रुपवर लिंक टाकली तर मात्र कुणाचाच वकील होणार नाही.

आणि एचडीएमआयमधून कॅप्चर करायला गेलं की पडदा काळा दिसतो, ती एचडीसीपी नावाच्या कुलपाची मेहेरबानी. ते तोडणारी डबी आणू नका. हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडलं तर २०१२ साली आलेल्या ६५-अ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद आहे. पिवळी पिन बरी.

उधन्याची_वहिनी

मी अमळनेरची, दिली सुरतेत. आमच्या गल्लीत निम्मी घरं खान्देशची आहेत. लाईनवाले दादा, मी तुमचं भाडं आनंदाने भरीन, पण तुमची लाईन सुरतेला येते का? मला इथे तुमचं चॅनल विकत घ्यायची सोयच नाही. मग मी भावाच्या घरून माहेरची मिरवणूक बघितली तर तुमचं काय बुडालं?

लाईनवाला

वहिनी, तुमचं नाही बुडत. पण तुमच्यामागून चोपड्यातलाच शेजारी तीच लिंक मागतो, तेव्हा बुडतं.

चोपडेकर

लिंक मागून मिळण्यासारखी नाहीच. आमच्या इंटरनेटवाल्याने अनेक घरांना एकच बाहेरचा पत्ता दिलाय, त्यामुळे बाहेरून माझ्या लॅपटॉपपर्यंत थेट कुणी पोचत नाही. टेलस्केल (आपलीच मशीनं इंटरनेटवरून खासगीत जोडणारं सॉफ्टवेअर) टाकून बहिणीचा एक मोबाईल जोडलाय, तेवढाच. वहिनी म्हणतात ते मात्र विचार करण्यासारखं आहे. नाना, महिन्याला थोडे पैसे घेऊन तुम्हीच बाहेरगावच्या लेकींना का दाखवत नाही?

लाईनवाला

दाखवायला फाईल तरी पाहिजे ना! हेड-एंडच्या, म्हणजे जिथून आम्ही चॅनल सोडतो तिथल्या कॉम्प्युटरची डिस्क भरली की पोरगा जुनं उडवतो. आठवडाभर राहिलं तरी खूप.

मास्तर_रावेर

सगळं वाचलं. माले काही पटनं नही. १९९० च्या दशकात मी व्हीसीआरवर शाळेची गॅदरिंगं भरून ठेवली. चाळीस कॅसेट. आज त्यांना बुरशी आहे आणि व्हीसीआर माळ्यावर आहे. चोपडेकर, तासाला साधारण एक जीबी धरली तर तुमच्या एक टीबीच्या डिस्कमध्ये हजार तास मावतील. हजार तासांचं कीर्तन कोण बघणार? केळीचा घड कापला की चार दिवसांत खपला पाहिजे, हेही तसंच आहे. बघितलं, संपलं. साठवणूक ही म्हातारपणाची खोड असते, हे मी स्वतःवरून सांगतो.

चोपडेकर

सर, सगळं नाही ठेवत. आप्पांचं ऐकून झालं की कीर्तन पुसतो. ठेवतो ते वर्षातून एकदाच होणारं: पोळा, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, विसर्जन, कानबाईचा उत्सव.

उधन्याची_वहिनी

कानबाई म्हणालात म्हणून विचारते. गेल्या श्रावणात लोकल चॅनलवर तुमच्या पेठेतली रविवार रात्रीची कानबाईची गाणी दाखवली होती ना? माझी मावशी तिथे दिलेली. म्हणत होती, त्यात तिची सासू गायली. म्हातारी दिवाळीत गेली. ती रात्र आहे का तुमच्याकडे?

चोपडेकर

ताई, कसं सांगू. त्या रात्री पावणेदहाला लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, पण बॉक्स बंद. दहा मिनिटांनी लाईट आली आणि बॉक्स सुरू झाला तो थेट कंपनीच्या ठरलेल्या चॅनलवर. दिव्याने आकडा नऊलाच दाबून झाला होता, परत कोण दाबणार? माझ्याकडे पाऊण तास गाणी आहेत आणि पुढचे तीन तास बातम्यांच्या चॅनलवरची भांडणं. दुसऱ्या दिवशी बॉक्सला इन्व्हर्टरवर घेतलं. पहिल्या पाऊण तासात बघतो, पण चेहरे मला ओळखू येणार नाहीत.

भुसावळ_जंक्शन

पाऊण तास इथे कुणालाच न देता ताईंना द्या. वकीलसाहेब, तेवढं डोळ्याआड करा.

काळा_कोट_धुळे

मी आज कोर्टात आहे, काही वाचलं नाही.

लाईनवाला

पेठेतली कानबाई म्हणजे आमचंच शूटिंग. डिस्कवरचं तर गेलं. पण कॅमेरावाल्या पोराला कार्ड पुसायचा कंटाळा आहे, नवीनच घेतो दरवेळी. वहिनी, मावशीच्या सासूबाई कुठल्या रंगाच्या लुगड्यात होत्या, तेवढं विचारून ठेवा. संध्याकाळी त्याच्या घरी जातो.