मदत हवी आहे: आबांना ६८व्या वर्षी पहिली फिट, डॉक्टर मात्र पॅरॅलिसिसचं बोलतायत

मंडळी, आम्ही कोल्हापूरचे. गेल्या महिन्यात आबा (माझे वडील) रंकाळ्यावरून फिरून आले, चहाचा कप हातात घेतला आणि फिट आली. दोनेक मिनिटं. शेजारच्या काकांनी नाकाला कांदा लावला, कुणी चप्पल शोधायला धावलं. अशा वेळी कुशीवर वळवायचं असतं, हे मला नंतर कळलं. पुढे तासभर डावा हात उचलेना, मग आपोआप सुटला.

एमआरआयमध्ये ताजं काही नाही, पण मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडल्याच्या जुन्या खुणा आहेत. लेव्हेटिरासिटॅम ही फिटची गोळी सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, साठीनंतर अशी पहिली फिट ही खराब रक्तवाहिन्यांचीच निशाणी असू शकते, आता स्ट्रोक (म्हणजे पॅरॅलिसिसचा झटका) टाळायचं बघा. वाचलं तर २००४च्या एका ब्रिटिश अभ्यासात अशांना स्ट्रोकचा धोका जवळपास तिप्पट दिसलाय. तेव्हापासून झोप नाही.

आबांचं म्हणणं, "डोक्याची गोळी चालू झाली, आता बीपीची कशाला?" बीपी १६०/९०, साखर काठावर, तंबाखू ४० वर्षांची. जेवणात खर्डा नसला की ताट सरकवतात.

साधा ईसीजी नॉर्मल आहे, तरी होल्टर (दिवसभर छातीला लावून ठोके नोंदवायचं यंत्र) आणि मानेच्या शिरांचा डॉपलर (रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) सांगितलाय. होल्टर कुणी केलंय का? भावजी म्हणतात, तोवर ॲस्पिरिन चालू करूया. करावी का? आणि बीपीची गोळी आबांच्या गळी कशी उतरवायची?

प्रतिसाद
ताई, ॲस्पिरिन परस्पर नको, या वयात रक्तस्रावाची भीती असते. आईचं होल्टर आम्ही केलं. ठोके मधूनच बिघडत होते, ते साध्या ईसीजीत आलंच नव्हतं. मग रक्त पातळ करायची गोळी लागली आणि फिटची फेनिटॉइन बदलावी लागली, कारण ती अशा काही गोळ्यांचा असर कमी करते. कोलेस्टेरॉलच्याही. तेव्हा सगळी औषधं एकाच डॉक्टरांना दाखवा. बीपी रोज वहीत लिहून आबांनाच वाचायला लावा. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे खर्ड्याबरोबर लोणचं-पापडही आले.
आणि पुन्हा हात लुळा पडला तर "फिटमुळे असेल" म्हणून घरी थांबू नका. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात.

धागाकर्ती
तासभर आम्ही वाटच बघत बसलो होतो हो. उद्या गोळ्यांची अख्खी पिशवीच नेते. आत्ता उघडली, तर आबांची मूळव्याधीची कुठलीशी पुडीपण निघाली. कुणालाच माहीत नव्हती.