बॉडी हॉरर लघुपटाचं पोस्टर: भेगाळलेली कातडी खरी करावी की फोटोशॉपमध्ये?

मांजराकाठ (लातूर)
मंडळी, 18 मिनिटांचा लघुपट होत आलाय. नाव 'भेगा', प्रकार बॉडी हॉरर, म्हणजे स्वतःच्याच शरीरातल्या बिघाडाची भीती. बोअर आटलेल्या रानात राबणाऱ्या बाईच्या अंगाला जमिनीसारख्या भेगा पडत जातात आणि शेवटी त्यांतून ज्वारी उगवते. पोस्टरवर चेहरा घ्यावा की नुसता हात? भेगा मेकअपने कराव्यात की फोटोशॉपमध्ये? मेकअपमध्ये नकली कातडीसाठी वापरतात ते जिलेटिन मे महिन्यात टिकेल का? 12×18 इंची प्रती छापायच्यात आणि एक मोठा फ्लेक्स.

बालाघाट
हात घ्या. चेहरा दिसला की बघणारा त्या बाईची गोष्ट बघतो. हात दिसला की त्याचं लक्ष स्वतःच्या हाताकडं जातं, आणि बॉडी हॉररचं पोस्टर तिथंच लागू पडतं. मनगट, बांगड्या, नखांतली माती सगळं रोजचं ठेवा आणि बिघाड एकाच जागी दाखवा. चार जागी भेगा दाखवल्या तर तो नुसता मेकअप वाटतो.

उगवलेली ज्वारीही पूर्ण दाखवू नका. एका भेगेतून एकच कोंब, तोही नीट बघितल्यावर दिसेल असा. 'द थिंग' (1982) चं ड्र्यू स्ट्रुझननं केलेलं पोस्टर बघा. सिनेमाभर शरीरं फाटतात, पण पोस्टरवर बर्फातला एक माणूस आणि चेहऱ्याच्या जागी प्रखर उजेड. 'एलियन' (1979) च्या पोस्टरवरही प्राणी नाही, तडकलेलं अंडं आहे. काय होणार हे बघणाऱ्यानं स्वतः पुरं करायचं, म्हणून ती चित्रं इतकी वर्षं डोक्यातून जात नाहीत.

आणि वेरूळला जाऊन या (मंगळवारी बंद असतं). 21 क्रमांकाच्या रामेश्वर लेण्यात सप्तमातृकांसोबत काळ-कालीची हाडांचा सापळा झालेली शिल्पं आहेत. कातडीखालची बरगडी दगडात कशी उठवलीय आणि तिच्यावर उजेड कुठून पडतो, ते बघा.

गोदाकाठ
मेकअपच करा. फोटोशॉपमध्ये मातीचा फोटो हातावर चढवला की भेगेच्या कडेची सावली आणि हातावरचा उजेड जुळत नाही. कारण कळलं नाही तरी नजरेला ते खटकतंच.

जिलेटिन नको. ते साधारण 35 अंशांला मऊ पडायला लागतं, आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर. लिक्विड लॅटेक्स (वाळल्यावर कातडीसारखं होणारं पातळ रबर) आणि टिश्यू पेपर घ्या.

आधी चाचणी: कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा ठिपका लावा, 24 तास बघा. फुग्यानं किंवा रबरी हातमोज्यानं खाज येणाऱ्यांना लॅटेक्स लावूच नका. त्यात अमोनिया असतो, म्हणून दारं-खिडक्या उघड्या ठेवा आणि डोळ्यांजवळ नेऊ नका. हातावरची लव काढून घ्या, नाहीतर सोलताना केस उपटतात.

टिश्यूचा एकच पापुद्रा घ्या आणि फाडा, कात्रीनं कापू नका. कापलेली कड फोटोत सरळ रेघ दिसते. लॅटेक्सचा पातळ लेप, त्यावर टिश्यू, परत लॅटेक्स, असे तीन-चार थर. पांढरेपणा जाऊन पारदर्शक झालं की थर वाळला समजा, मगच पुढचा. घाईनं जाड थर दिला तर वरून साय धरते, आतून ओलं राहतं आणि भेग पाडताना सगळं लगदा होऊन येतं. लॅटेक्स वाळल्यावर गडद होतं, म्हणून रंग कातडीपेक्षा एक छटा उजळ मिसळा. शेवटी टाल्कम पावडर मारा, नाहीतर ते स्वतःलाच चिकटतं.

मग चिमट्यानं वरचा थर फाडून कडा किंचित उचला. फाडताना खरं रान डोळ्यांपुढं ठेवा: काळ्या मातीत आधी मोठी भेग पडते, नंतरची तिला काटकोनात येऊन भिडते आणि तिथंच थांबते. सारख्या मापाचे षटकोन काढले तर फरशी वाटेल. आत गडद तपकिरी, अगदी तळाशी थोडा लाल. रक्त वाहवू नका, ही कोरडी गोष्ट आहे.

कोंब खराच लावा. ओल्या फडक्यात ठेवा आणि फोटोच्या ऐन वेळी पापण्यांच्या गोंदाच्या एका थेंबानं बसवा, उन्हात लगेच मान टाकतो. तोंडात मात्र कुणी धरू नका, ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यात विष असतं, गुरं दगावतात.

मांजराकाठ
बालाघाट, गोदाकाठ, लई उपयोग झाला. लाइट भाड्यानं आणावे लागतील का?

बालाघाट
गरज नाही. सूर्य उगवल्यापासून तासाभरातलं आडवं ऊन घ्या. भेगेची खोली आडव्या उजेडातच दिसते, समोरून फ्लॅश मारला की सगळं सपाट. सावलीच्या बाजूला काळं कापड धरा. ट्रायपॉड, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 100, एफ/8 (भिंगाचं छिद्र), फोकस भेगेच्या जवळच्या कडेवर. नावासाठी वरचा तिसरा भाग फोटो काढतानाच मोकळा सोडा.

दख्खनी शाई
छपाईचं बघा. 24 मेगापिक्सेलचा उभा फोटो 4000×6000 पिक्सेल भरतो, 12×18 ला 300 डीपीआयनं (इंचाला 300 ठिपके) 3600×5400 लागतो, म्हणजे पुरतो. कापाकापी मात्र जास्त करू नका. फ्लेक्सला प्रत्यक्ष मापात 100 डीपीआय पुष्कळ. चारी बाजूंनी 3 मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) सोडा.

काळोखी फोटो मोबाइलवर छान दिसतो आणि कागदावर काळा डाग होतो. स्क्रीनचा उजेड निम्मा करून तपासा, सावल्या थोड्या उजळ करा, एक नमुना प्रत काढल्याशिवाय बाकीच्या छापू नका. मोठ्या काळ्या भागाला नुसता के 100 (फक्त काळी शाई) दिला तर राखाडी येतो. सी (निळी) 60, एम (गुलाबी) 40, वाय (पिवळी) 40, के 100 अशा चारही शाया द्या. पण श्रेयनामावलीची बारीक पांढरी अक्षरं अशा काळ्यावर ठेवली तर रंग जरा सरकले तरी बुजतात, म्हणून ती जाड वजनात घ्या. लॅमिनेशन मॅटच, चकचकीत कागदावर भेगांऐवजी ट्यूबलाइट दिसते.

नावासाठी 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मोदक' फॉन्ट लावून बघा, मोफत आहे. अक्षरं सुजल्यासारखी फुगीर आहेत, त्यात एकच चीर पाडली तरी कातडी फाटल्यासारखं वाटेल. चीर शिरोरेषेखाली घ्या आणि 'भे'ची मात्रा शाबूत ठेवा. फाइल देण्याआधी अक्षरांचे आउटलाइन करा (म्हणजे त्यांचं चित्र करा), नाहीतर छापखान्याच्या संगणकावर वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात.

गोदाकाठ
एक राहिलं. यूट्यूबवर टाकणार असाल तर थंबनेल 1280×720 चं वेगळं करा, उभं पोस्टर कापून आडवं होत नाही. त्याच सकाळी एक आडवा फोटोही काढून ठेवा. लॅटेक्स सोललं की तो हात परत तसाच होणार नाही.