मण्यारीच्या दंशात पुटिकाच रिकाम्या, मग कॅल्शियम कशाला?

चेतासंधी (मूळ धागा)

शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरीकडून पहाटे येणारा मण्यारीचा रुग्ण ठरलेला असतो. जमिनीवर झोपलेला, दंशाची खूण सापडत नाही, पोटात कळा, मग पापण्या मिटायला लागतात. केंद्र सरकारच्या सर्पदंश मार्गदर्शिकेप्रमाणे ॲट्रोपिन ०.६ मिग्रॅ आणि निओस्टिग्मिन (ॲसिटिलकोलीनचे विघटन रोखणारे औषध) १.५ मिग्रॅ द्यायचे. तीन डोसांनी फरक पडला नाही तर मण्यार समजायची आणि १० मिली कॅल्शियम ग्लुकोनेट दर ६ तासांनी चालू करायचे. निओस्टिग्मिनबद्दल तक्रार नाही. कॅल्शियमला मात्र आधार नाही, असे माझे स्पष्ट मत.

चेतातंतूचा निरोप स्नायूपर्यंत नेणारे रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. ते तंतूच्या टोकाशी पेशीरसात तयार होते आणि सुमारे ५० नॅनोमीटरच्या पुटिकांमध्ये, म्हणजे सूक्ष्म पिशव्यांमध्ये, भरले जाते. पुटिकेच्या आवरणातला पंप एटीपी (पेशीचे इंधन) खर्चून आत प्रोटॉन ढकलतो, आतला पीएच साडेपाचच्या आसपास येतो. मग वाहक प्रथिन दोन प्रोटॉन बाहेर सोडून एक ॲसिटिलकोलीन आत घेते. एका पुटिकेत असे ५ ते १० हजार रेणू. भरलेली पुटिका पडद्याला टेकून तयार राहते: तिच्यावरचे सिनॅप्टोब्रेव्हिन हे प्रथिन पडद्यावरच्या सिन्टॅक्सिन आणि स्नॅप-२५ या प्रथिनांशी अर्धवट पीळ घालून थांबलेले असते. आवेग आला की कॅल्शियमच्या वाहिन्या उघडतात, सिनॅप्टोटॅग्मिन हे प्रथिन ते कॅल्शियम ओळखते, आणि पुटिका एक मिलिसेकंद व्हायच्या आत फुटते. म्हणजे कॅल्शियम हा इशारा आहे. मार्गदर्शिका त्यालाच न्यूरोट्रान्समीटर (निरोप नेणारे रसायन) म्हणते, इथेच गाडी घसरली.

मण्यारीच्या विषातले बीटा-बंगारोटॉक्सिन हे फॉस्फोलिपेज ए२ प्रकारचे एंझाइम. ते टोकाच्या पडद्यातली मेदद्रव्ये कापते. पुटिका भराभर फुटून संपतात, पडदा परत आत ओढून नव्या पुटिका करायचे काम बंद पडते. पुढे पडदा गळतो, बाहेरचे कॅल्शियम आत घुसते, मायटोकॉन्ड्रिया बसतात आणि टोकच नष्ट होते. तिथे कॅल्शियम आधीच जास्त झालेले असते. गुऱ्हाळात ऊसच उरला नाही तर चरक जोरात फिरवून रस कुठून येणार?

पंचगंगाकाठ

सर, हे चित्र शेवटच्या टप्प्याचे झाले. सगळी टोके एकाच वेळी रिकामी होत नाहीत. पापणी पडते तेव्हा श्वासपटल अजून चालू असते.

हिशेब मांडतो. १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटच्या १० मिलीत २.३ मिलिमोल कॅल्शियम. प्रौढाच्या पेशीबाह्य द्रवाचे सुमारे १४ लिटर धरले तर वाढ ०.१६ मिलिमोल प्रति लिटर. आयनी (मोकळे) कॅल्शियम १.२ वरून १.३६ वर. डॉज आणि रहमिमॉफ यांनी १९६७ मध्ये बेडकाच्या स्नायूवर दाखवले की स्राव कॅल्शियमच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे दीडपटीहून थोडे जास्त. चेतातंतू आणि स्नायू यांच्या निरोगी संधीत गरजेच्या कितीतरी पट ॲसिटिलकोलीन सुटते, म्हणून लक्षण दिसते ते ही शिल्लक संपल्यावर. त्या काठावर दीडपट कमी नाही राव.

चेतासंधी

चौथा घात कमी कॅल्शियमच्या द्रावणातला आहे. शरीरातल्या पातळीशी आलेख सपाट होत जातो. शिवाय दिलेल्यातले बरेच अल्ब्युमिनला चिकटते, बाकीचे हाड आणि मूत्रपिंड काढून घेतात. तास-दोन तासांत परिणाम ओसरतो. तुम्ही देणार ६ तासांनी. मधले चार तास कोणाच्या भरवशावर?

जीवशास्त्र_बारावी

तुलनेसाठी बोट्युलिनम हे जिवाणूचे विष बघा. त्याचा ए प्रकार स्नॅप-२५ च्या टोकाची फक्त ९ अमिनो आम्ले कापतो. पुटिका भरलेल्याच राहतात, म्हणून प्रयोगशाळेत कॅल्शियम वाढवले की स्राव काही प्रमाणात परत येतो. लॅम्बर्ट-ईटन या स्नायू दुबळे करणाऱ्या आजारात कॅल्शियमच्या वाहिन्यांवरच प्रतिपिंडे बसतात. तिथेही साठा शाबूत. मण्यारीचे विष या दोन्हींत मोडत नाही. उलट स्नायूच्या तुकड्यावर हे विष टाकले की स्राव आधी घटतो, मग काही काळ वाढतो, मग कायमचा बंद होतो. त्या मधल्या टप्प्यात तो आणखी वाढवणे म्हणजे साठा लवकर संपवणे. ही प्रयोगशाळेतली गोष्ट, रुग्णात किती लागू ते वेगळे.

रंकाळा_आयसीयू

तुम्ही दोघे औषधावर भांडताय, रुग्ण जातो तो श्वासाने.

एका दमात २० पर्यंत आकडे म्हणता येत नाहीत, मान उशीवरून उचलत नाही, लाळ गिळता येत नाही: श्वासनलिकेत नळी घालायची तयारी करा, ऑक्सिजनचा आकडा पडायची वाट बघू नका. एएसव्ही (सर्पविषावरचे प्रतिविष) १० कुप्या, अर्धा ते एक तासात, चाचणी डोस नाही, लहान मुलालाही तेवढ्याच. तास-दोन तासांनी सुधारणा नसेल तर आणखी १०. वीसच्या पुढे जाऊ नका. प्रतिविष रक्तातले विष पकडते, टोकाच्या आत गेलेले नाही. ४० कुप्या दिल्या म्हणून पापणी उघडत नाही. टोक नव्याने वाढायला दिवस लागतात, तोवर व्हेंटिलेटर. बाहुल्या विस्फारलेल्या, प्रकाशाला प्रतिसाद नाही, म्हणून मेंदू मृत ठरवू नका. त्याला सगळे ऐकू येत असते.

कॅल्शियमचे धोकेही आहेत. शिरेबाहेर गेले तर मांस जळते, घाईने दिले तर नाडी मंदावते, सेफट्रायॲक्सोन या प्रतिजैविकाच्या लाईनमध्ये गेले तर साका बसतो.

पंचगंगाकाठ

धोके मान्य. पण प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरने लेखी मार्गदर्शिका मोडायची का? उद्या चौकशी लागली तर चौथ्या घाताचा आलेख दाखवायचा? आणि मग तीन डोसांचे काय? दर अर्ध्या तासाने एक, म्हणजे निकाल लागायला दीड तास. गगनबावड्याहून कोल्हापूर ५५ किलोमीटर. त्यावर कोणी बोलत नाही.

चेतासंधी

देऊ नका असा आदेश मी काढत नाही. द्यायचेच तर ५ ते १० मिनिटांत, वेगळ्या लाईनने, ईसीजी लावून. त्याच्यासाठी गाडी थांबवली तर मात्र चूक.

रंकाळा_आयसीयू

दीड तास केंद्रात बसायचेच नाही. पापणी पडलेली दिसली की १०८ ला फोन, एएसव्ही चालू, निओस्टिग्मिनचा पहिला डोस तिथेच. नाग असेल तर अर्ध्या तासात पापणी उचललेली दिसते, कारण नागाचे विष पलीकडच्या ग्राहकावर बसते आणि साठा भरलेला असतो. पुढचे डोस गाडीत. सोबत अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी), लाळ ओढून काढायचे सक्शन आणि नळी घालता येणारा माणूस. तो नसेल तर निदान बॅग नीट दाबता येणारा.