मदत हवी आहे: जिंजर बगचा सोडा फसफसत नाहीये, रविवारी पाहुणे

मंजू_पुणे
लोकहो, घाईत आहे, थेट विचारते. जिंजर बग केलाय, म्हणजे आलं, साखर आणि पाणी आंबवून केलेलं सोड्याचं विरजण. बरणीत मस्त बुडबुडे येतायत, चमचा फिरवला की सुर्र आवाज येतो. पण तोच सरबतात घालून बाटल्या भरल्या की ढिम्म! झाकण उघडताना साधं फुस्ससुद्धा नाही. सगळं रेसिपीप्रमाणेच केलंय. रविवारी दीर-जाऊ येतायत आणि मी जाऊबाईंकडे आधीच बढाई मारून ठेवलीय. पटकन सांगा.

साताऱ्याचा_शेतकरी
रेसिपीप्रमाणे म्हणजे कुणाच्या? आलं कुठलं? सोललंत की काय? आंबवणारं यीस्ट सालीवरच असतं, सालासकट किसायचं. आमच्या सातारी आल्याला माती असते, तिसऱ्या दिवशी उसळी मारतं. मॉलमधलं धुऊन चकचकीत केलेलं आलं भाजीत घाला.

नंदा_एडिसन
+१. इथे न्यू जर्सीत मला साधं आलं घेऊन कध्धी जमलं नाही. परदेशातून येणाऱ्या आल्यावर कधीकधी किरणांचा मारा केलेला असतो, त्यात यीस्ट मरतं. ऑरगॅनिक आणल्यावर जमलं. ताई, ऑरगॅनिकच घ्या.

खवचट_खवय्या
दोघांनीही प्रश्न वाचलेला नाही. बरणीत बुडबुडे आहेत म्हणजे आलं आणि यीस्ट ठणठणीत. घोळ बाटलीत आहे. मंजूताई, पाणी कुठलं, बाटल्या कसल्या, लिटरला बग किती, बाटल्या ठेवल्या कुठे?

मंजू_पुणे
पाणी उकळून गार केलेलं. कोल्ड्रिंकच्या प्लास्टिकच्या बाटल्या, झाकणं घट्ट. लिटरला पाव कप बग, गाळून. ओट्यावरच ठेवल्यात. आणि आलं मंडईतलं आहे हो, मातीसकट!

अप्पा_डोंबिवली
एवढा खटाटोप कशाला? ग्लासात लिंबू पिळा, चिमूटभर खायचा सोडा टाका, फस्स! आमच्या लहानपणी गोटी सोडा मिळायचा, गोटी आत ढकलली की असा आवाज यायचा की शेजारचं पोर दचकायचं. ती मजा या बगबिगला नाही.

खवचट_खवय्या
अप्पा, गोटी सोड्यात आंबवणं नसतंच, मशीनने वायू भरतात. ती बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रजाची, १८७२ चं पेटंट. आणि खायच्या सोड्याची चव साबणासारखी लागते, राग मानू नका.

अप्पा_डोंबिवली
आमच्या पोटाला तो साबण पन्नास वर्षं चालला.

माळकरी_मी
एक शंका. यीस्ट साखर खातं म्हणजे दारूच की! एकादशीला चालेल का?

नंदा_एडिसन
लवकर फ्रीजमध्ये टाकलं तर अगदी थोडी होते. पण बाहेर जास्त दिवस ठेवलं तर वाढते, शून्य नसतेच. लहान मुलांना मी देत नाही.

साताऱ्याचा_शेतकरी
काही होत नाही, आमची पोरं पितात.

खवचट_खवय्या
अवांतर बास. मंजूताई, सरबत कशाचं?

मंजू_पुणे
कोकमाचं. बाजारातलं बाटलीबंद अमृत कोकम पाण्यात मिसळून. त्याचा काय संबंध?

खवचट_खवय्या
सगळा संबंध तोच! बाटली उलटी करून लेबल वाचा. क्लास टू प्रिझर्व्हेटिव्ह, २११ किंवा २२४ असं काही दिसतंय का? २११ म्हणजे सोडियम बेंझोएट, २२४ म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. सरबत आंबू नये म्हणूनच घालतात. तुम्ही त्यातच आंबवायला बसलात.

मंजू_पुणे
२११ आहे. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, तेही बाटलीच्या शिवणीवर! एवढं चांगलं सरबत वाया. आता रविवारी काय?

खवचट_खवय्या
वाया कशाला, पाणी घालून असंच प्या. सोड्यासाठी किसलेलं आलं आणि साखर पाण्यात उकळा, पूर्ण गार झाल्यावर लिंबू आणि बग घाला. गरम असताना घातलात तर यीस्ट मरेल. बाटलीत वर दोन बोटं जागा सोडा. रोज दाबून बघा. दगडासारखी टणक झाली की लगेच फ्रीजमध्ये. उन्हाळ्यात एक-दोन दिवसांत होते. प्लास्टिकच्याच बाटल्या ठेवा, काचेची फुटली तर काचा घरभर.

साताऱ्याचा_शेतकरी
साखरेऐवजी गूळ घाला, जास्त जोर धरतो.

नंदा_एडिसन
गुळाने रंग काळपट येतो, पाहुण्यांसमोर नको.

मंजू_पुणे
आज रात्रीच लावते. उरलेल्या बगला रोज खाऊ घालायलाच हवं का? सोमवारी आम्ही गावाला चाललोय.

खवचट_खवय्या
फ्रीजमध्ये ठेवा, आठवड्याला एक चमचा आलं, एक चमचा साखर. बास.

माळकरी_मी
एकादशीचं कुणी सांगितलंच नाही.