मदत हवी आहे: बीकॉमला ओपन इलेक्टिव म्हणून ॲस्ट्रॉनॉमी घेतलंय, झेपेल काय?

कॉमर्सवाला_बेळगाव

नमस्कार मंडळी. बेळगावात बीकॉम करतोय, दुसरं वर्ष. आमच्यात आपल्या शाखेबाहेरचा एक विषय ओपन इलेक्टिव म्हणून घ्यावाच लागतो. वर्गातल्या निम्म्या पोरांनी सायकॉलॉजी घेतलं, मी फॉर्मवर ॲस्ट्रॉनॉमी बघितलं आणि टिक करून मोकळा झालो. मूळ गाव खानापूर तालुक्यात, लाइट गेली की अंगणातनं जेवढं आकाश दिसतं तेवढीच माझी तयारी.

आता झालंय काय, दहावीपर्यंत मराठी मीडियम, नंतर पीयूसी (अकरावी-बारावी) कॉमर्स इंग्लिशमधनं, म्हणजे सायन्स दहावीलाच सुटलं. साइन कॉस नाव ऐकलं तरी पोटात गोळा येतो. फिजिक्सचे सर शिकवायला येतात, माणूस चांगला आहे खरं पहिल्या आठवड्यातच केप्लरचा तिसरा नियम, पॅरलॅक्स आणि मॅग्निट्यूड असं सगळं फळ्यावर लिहून मोकळे, शेजारी बीएची पोरगी बसते ती माझ्याकडं बघते मी तिच्याकडं, दोघांनाही घंटा काही कळत नाही. मॅग्निट्यूडमध्ये तर तारा जेवढा तेजस्वी तेवढा आकडा कमी म्हणे, आणि वर मायनसमध्ये पण जातो. असं कुणी ठरवलं?

वर इंटर्नलसाठी महिनाभर चंद्र बघून वही लिहायची आहे. इथं पाऊस उघडायला तयार नाही, चंद्र कुठनं आणू? विषय बदलायची मुदत पुढच्या आठवड्यापर्यंत आहे. नॉन-सायन्सवाल्या कुणी हा विषय केला असेल तर खरं सांगा, राहू की पळू?

कॅम्पातला_बंड्या

पळ भावा. सायकॉलॉजीला दोन पानं मनानं लिहिली तरी मार्क देतात, केप्लर मनानं लिहून चालत नाही 😄

निपाणीची_टीचर

बंड्याचं ऐकू नकोस. मी हायस्कूलला सायन्स शिकवते, आणि माझ्या भाचीनं बीए करताना हाच पेपर घेतला होता त्यामुळं तिची सगळी गणितं माझ्याच डायनिंग टेबलवर सुटलेली आहेत. या लेव्हलला साइन कॉस जवळजवळ लागत नाही. लागतं ते गुणोत्तर, वर्ग, घन, वर्गमूळ आणि दहाचे घात. कॅल्क्युलेटर परीक्षेला चालतो का तेवढं सरांना आधी विचारून घे.

पॅरलॅक्स बघ. हात लांब करून अंगठा धर, एकदा डावा डोळा मीट एकदा उजवा, अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडं सरकतो ना? अंगठा जवळ आणलास की जास्त सरकतो. ताऱ्याच्या बाबतीत दोन डोळ्यांच्या जागी पृथ्वीच्या कक्षेची दोन टोकं घ्यायची, जानेवारीतली आणि जुलैतली. जे सरकणं दिसतं त्याच्या निम्मा कोन म्हणजे पॅरलॅक्स. तो आर्कसेकंदात मोजतात, एका अंशाचे ३६०० आर्कसेकंद. आणि फॉर्म्युला म्हणजे नुसता भागाकार, एकाला त्या कोनानं भागलं की अंतर पार्सेक या एककात येतं. ०.१ आला तर १० पार्सेक, त्याला ३.२६ नं गुणलं की ३२.६ प्रकाशवर्षं. संपलं. सगळ्यात जवळच्या ताऱ्याचा, प्रॉक्झिमाचा, कोन सुद्धा एक आर्कसेकंद भरत नाही, ०.७७ च आहे, म्हणून तर हे मोजायला १८३८ साल उजाडलं, बेसेल नावाच्या जर्मन माणसानं पहिल्यांदा जमवलं.

मॅग्निट्यूडला मराठीत प्रत म्हणतात. हिपार्कस म्हणून ग्रीक होता, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातला, त्यानं डोळ्यांना दिसणाऱ्या ताऱ्यांचे वर्ग पाडले, सगळ्यात ठळक ते पहिल्या प्रतीचे, जेमतेम दिसणारे सहाव्या. म्हणजे पहिला नंबर दुसरा नंबर तसंच, त्यामुळं आकडा उलटा. पुढं १८५६ साली पॉगसननं त्याला गणितात बसवलं, पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर १०० पट. मग एका प्रतीला किती? २० पट म्हणशील तर चुकलास, २.५१२ पट. तू कॉमर्सचा आहेस, हे चक्रवाढ व्याज आहे बघ, २.५१२ पाच वेळा गुण, १०० येतात. आणि पहिल्यापेक्षाही तेजस्वी काही असलं की आकडा शून्याच्या खाली जाणारच, व्याधाचा तारा उणे १.४६, पूर्ण चंद्र साधारण उणे १२.७, सूर्य उणे २६.७. लॉगचा फॉर्म्युला फळ्यावर असला तरी पाचाला शंभर एवढं धरून बहुतेक गणितं सुटतात.

कॉमर्सवाला_बेळगाव

ताई हे चक्रवाढवालं डोक्यात गेलं एकदम, सरांनी असं का नाही सांगितलं की. खरं चंद्राच्या वहीचं काय करू? आणि अजून एक, चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळं होतात असं मी समजत होतो, सर म्हणाले तसं नाही. मग कशामुळं?

येळ्ळूरचे_काका

बाळ, मी शेतकरी घरातला, रिटायर्ड पोस्टमन, सायन्स मीही शिकलो नाही. तुझा धागा सून दाखवत होती म्हणून तिच्याच फोनवरनं लिहायलोय.

सावली पडते ती ग्रहणाला. कला म्हणजे चंद्राचा उजेडातला अर्धा भाग आपल्याला किती दिसतो एवढंच. रात्री खोलीत एकच बल्ब लाव, हातात पांढरा चेंडू धरून जागेवर स्वतःभोवती फीर, अमावस्येपासून पौर्णिमेपर्यंत सगळं हातात दिसेल. चेंडू डोक्यापेक्षा थोडा वर धर, नाहीतर तुझीच सावली पडून ग्रहण होईल.

आता वहीचं. तुझ्या घरात कुणी संकष्टी करतं काय? करत असतील तर चंद्रोदयाची वाट बघत उपाशी बसणं तुला नवीन नसणार. पौर्णिमेला चंद्र सूर्य मावळताना उगवतो, मग संकष्टीला नऊ-साडेनऊ का होतात? चंद्र रोज आकाशात पूर्वेकडं साधारण १३ अंश सरकतो, पृथ्वीला तेवढं जास्त फिरावं लागतं, एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे रोज पन्नासेक मिनिटं उशीर. पौर्णिमेनंतर तीन-चार दिवसांचा उशीर मिळव, येतात की नऊ-साडेनऊ. ढग असू देत, पंचांगात चंद्रोदय लिहिलेला असतो, त्यावरनं एक कॉलम आधीच भरून ठेव, आणि जेव्हा ढग फाटतील तेव्हा चंद्र खरंच तिथं आहे काय ते पडताळ. बघितलेलं आणि पंचांगातलं वेगळ्या शाईनं लिही, न बघता बघितलं असं लिहू नको. सरांना हे आधी सांगितलंस तर नाही म्हणणार नाहीत असं वाटतं.

आणि नक्षत्रं तुला येत नाहीत असं समजू नको. गावाकडं धूळवाफ पेरून माणसं मृगाची वाट बघतात. मृग लागतो ७-८ जूनला. लागतो म्हणजे काय? सूर्य त्या नक्षत्रात येतो. म्हणून जूनमध्ये मृगाचे तारे दिसतच नाहीत, सूर्याबरोबर उगवतात आणि त्याच्याबरोबर मावळतात. प्रत्येक तारा रोज ४ मिनिटं आधी उगवतो, महिन्याला दोन तास, सहा महिन्यांनी बारा तास. मग डिसेंबरात मृग कुठं असणार ते तूच सांग. दिवस बुडताना पूर्वेला उगवतो आणि रात्रभर डोक्यावर. तेव्हाच मार्गशीर्ष येतो, कारण त्या महिन्याच्या पौर्णिमेचा चंद्र मृगशीर्षाजवळ असतो. कार्तिकाची कृत्तिका, चैत्राची चित्रा, तसंच. २७ नक्षत्रं, एकेक १३ अंश २० कला (ही कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), सूर्याला एकेक ओलांडायला साधारण १३-१४ दिवस. तरणा पाऊस म्हातारा पाऊस म्हणतोस ते पुनर्वसू आणि पुष्य. तुझ्या सरांनी ज्याला इक्लिप्टिक म्हणून वर्तुळ काढलं असेल ती ही सूर्याची वाट. (पावसाचं वाहन बेडूक की कोल्हा हे मात्र पेपरात लिहू नको.)

कॅम्पातला_बंड्या

काका जबरदस्त 🙏 माझी पळायची सूचना मागं घेतली असं समजा

चोर्लाघाट_रायडर

मी थोडं उलटं बोलतो. मी इंजिनियरिंगचा, खरं टेलिस्कोपचं येड आहे. ब्लॅक होल आणि एलियनसाठी घेतला असशील तर सोड, ते सगळं शेवटच्या युनिटला येतं, तोपर्यंत कोन, कक्षा, प्रकाश, स्पेक्ट्रम (ताऱ्याच्या उजेडाचा रंगपट्टा). स्पेक्ट्रमला पोरं कंटाळतात, खरं ताऱ्याचं तापमान, तो कशाचा बनलाय, आपल्याकडं येतोय की लांब जातोय हे सगळं त्या पट्ट्यांवरनंच कळतं, त्यामुळं तिथं झोपलास तर पुढचं सगळं पाठांतर होतं. रंगाचं उलटं लक्षात ठेव, निळे तारे जास्त तापलेले, तांबडे त्यामानानं थंड. सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५८०० केल्विन.

टेलिस्कोप घेऊ नकोस लगेच. ऑनलाइन स्वस्तातले मिळतात त्यांचा स्टँडच हलतो, गुरू शोधेपर्यंत तो फ्रेमबाहेर. १० बाय ५० ची दोन डोळ्यांची दुर्बीण (बायनॉक्युलर) कुणाची मिळाली तर गुरूचे चार चंद्र दिसतात, गॅलिलिओनं १६१० साली बघितले तेच. मोबाइलवर स्टेलॅरियम हे आकाश दाखवणारं ॲप टाक, गाव बेळगाव सेट कर.

दसऱ्यानंतर आकाश उघडलं की गावाकडं जा, शहरात काय दिसत नाही. जांबोटी-कणकुंबीकडं अंधार मस्त आहे खरं रात्री एकटा जंगलात थांबू नको, अस्वलं आहेत तिकडं. पहिल्यांदा ध्रुव शोध. हात लांब करून मूठ धरली की साधारण १० अंश. बेळगाव १६ अक्षांशाच्या जरा आत आहे म्हणून ध्रुव उत्तरेला क्षितिजापासून दीड मूठ वर. तो मापून वहीत लिही, अक्षांश स्वतः काढला म्हणून सर खूश होतील. आपण दक्षिणेला असल्याचा फायदा पण आहे, अगस्त्य तारा इथनं वीसेक अंश वर येतो, दिल्लीवाल्यांना तो जेमतेम क्षितिजावर दिसतो. मे महिन्यात रात्री दहाच्या आसपास दक्षिणेला अल्फा सेंटॉरी पण दिसतो, ताईंनी सांगितलेल्या प्रॉक्झिमाच्या घरचाच.

निपाणीची_टीचर

पुस्तकाचं राहिलं. ओपनस्टॅक्सचं ॲस्ट्रॉनॉमी इंग्लिशमध्ये आहे, फुकट पीडीएफ मिळते, नॉन-सायन्सवाल्यांसाठीच लिहिलंय, गणित कमीत कमी. सगळं वाचू नको, तुझ्या सिलॅबसचे चॅप्टर तेवढे काढ. आणि त्या शेजारच्या पोरीला पण हा धागा दाखव.

कॉमर्सवाला_बेळगाव

सगळ्यांना थँक्स. बदलत नाही विषय. सरांना आज विचारलं, पंचांगाचा कॉलम वेगळा ठेवला तर चालेल म्हणाले, खरं निदान पंधरा निरीक्षणं प्रत्यक्ष हवीत. कॅल्क्युलेटर साधा चालतो. चेंडू-बल्ब पण करून बघितला, अष्टमीला निम्माच का दिसतो ते आता कळलं.

केप्लरच्या तिसऱ्या नियमाचं (अंतराचा घन म्हणजे फेरीच्या वर्षांचा वर्ग) एक गणित करून बघितलंय, तपासा. गुरू सूर्यापासून ५.२ एयू (पृथ्वी-सूर्य अंतर म्हणजे १ एयू). घन केला, १४०.६. त्याचं वर्गमूळ ११.८६. बरोबर आहे काय?

निपाणीची_टीचर

बरोबर. पुढं वर्षं लिही, युनिट नसलं की अर्धा मार्क जातो. आता शनी कर, ९.५ एयू घे.

कॉमर्सवाला_बेळगाव

८५७.४, वर्गमूळ २९.३ वर्षं. खरं गुगलवर साडेएकोणतीस दाखवतंय?

निपाणीची_टीचर

९.५ हा गोळाबेरीज आकडा दिला मी, ९.५४ घेऊन परत कर.

येळ्ळूरचे_काका

आणि मग त्या साडेएकोणतीसला बाराने भाग, एका राशीत अडीच वर्षं. साडेसाती म्हणजे तीन राशी. शनीला घाबरायचं की भागाकार करायचा ते ज्याचं त्यानं बघावं.