क्रूझ, केबिन आणि अष्टविनायकचा हिशेब

वैशाली पाटकर, बी-304: शिर्के भाऊ, आपल्या सिंगापूर-फुकेट क्रूझच्या कंपनीचा मेल आज नीट वाचला. त्यात 'गॅरंटी केबिन' लिहिलंय. म्हणजे केबिन कुठली ते कंपनी ठरवणार. मीटिंगमध्ये तुम्ही 'सगळे एकाच मजल्यावर' म्हणाला होतात. सासूबाई एका टोकाला आणि आम्ही दुसऱ्या, हे कसं जमायचं? 🙏

शिर्के, सी-102: ताई, गॅरंटी घेतली म्हणूनच स्वस्तात पडलं. तेव्हा सगळ्यांनी 👍 टाकला होता. स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे.

जोगळेकर, ए-101: अष्टविनायक सहलीचा हिशेब अजून आलेला नाही.

अँथनी डिसोझा, सी-404: वैशालीताई, भांडत बसू नका. आजच कंपनीला लिहा, सगळी बुकिंगं एकमेकांशी जोडा म्हणून, आणि आजींना लिफ्टजवळची केबिन मागा. थोडे जास्त भरले तर बहुतेक नंबर निवडू देतात. निवडायला मिळालं तर खालचा मजला, जहाजाच्या मधोमध. वरच्या मजल्यावरची पुढची बाल्कनी महाग, आणि तीच जास्त डुलते. केबिनच्या वर-खाली दुसऱ्या केबिनच आहेत ना, तेही नकाशात बघा. डोक्यावर नाचायचा हॉल आला तर रात्रभर धडधड.

नाईक आजोबा, सी-203: आम्ही भाऊच्या धक्क्यावरून वेंगुर्ल्यास बोटीने जात असू. केबिन कसली, डेकवर चटई. बोट बाहेर उभी राही, मग पडावातून किनाऱ्यावर. 1947 साली रामदास बोट रेवसला जाताना...

सुलभा काकू, ए-203: काका, अहो जायच्या आधी हे काय अभद्र 😡

अँथनी: आजोबा, फुकेटला बऱ्याचदा अजून तसंच. पटोंगला जहाज बाहेर नांगर टाकतं, लहान बोटीतून उतरायचं. गुडघेवाल्यांनी पाणी खवळलं असेल तर जहाजावरच थांबावं. आणि फुकेटचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे. फोन आपोआप तिथली वेळ दाखवतो, जहाज कदाचित सिंगापूरच्या वेळेनेच चालत असेल. हातात साधं घड्याळ घाला, जहाजाच्या वेळेचं. उशिरा येणाऱ्यासाठी जहाज थांबत नाही.

रोहन, बी-601: लेण्याद्रीला बस थांबली होती तसं नाही 😂

वैशाली पाटकर: रोहन, बाबांचं ऑपरेशन झालेलं होतं. माहीत नसेल तर बोलू नये.

रोहन: सॉरी काकू, मी ड्रायव्हरबद्दल म्हणत होतो.

जोगळेकर: लेण्याद्रीचं जेवण कोणाच्या खात्यातून गेलं, तेही हिशेबात यावं.

डॉ. मेघना, ए-502: ज्यांना बोट लागते त्यांनी ॲव्होमिन जहाज सुटण्याआधी घ्यावी. उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. झोप येते, त्यावर दारू नको. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर आधी मला पर्सनलवर विचारा. ग्रुपवर नको.

कदम, ए-303: डॉक्टर, मला काचबिंदू नाही. पण दुसरं आहे.

डॉ. मेघना: पर्सनलवर, काका 🙏

शहा भाभी, बी-102: थेपले नेले तर चालतात का?

अँथनी: पॅकबंद खाऊ चालतो. घरी केलेलं बरेचदा अडवतात. जैन जेवण आत्ताच कंपनीला लेखी कळवा. इस्त्री, किटली, पाणी तापवायचा रॉड जप्त होतो, आधीच सांगतो. मोठ्या बॅगा धक्क्यावर घेतात, केबिनशी संध्याकाळपर्यंत पोचतात. त्यामुळे औषधं, पासपोर्ट, एक कपड्यांचा जोड खांद्यावरच्या पिशवीत. जहाज सुटलं की फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर सॅटेलाइटचं बिल येईल. आणि सुरक्षा कवायत चुकवायची नाही. 2012 ला इटलीत कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडली, 32 माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्यांची कवायत झालेलीच नव्हती. आता जहाज सुटतानाच घेतात. इशारा म्हणजे सात छोटे भोंगे आणि एक लांब.

नाईक आजोबा: याला बोलू देता. मला नाही.

सुलभा काकू: तो कामाचं सांगतोय.

अँथनी: टिपही धरा. रोज माणशी ठरलेली रक्कम, डॉलरमध्ये, आपोआप खात्याला लागते.

वैशाली पाटकर: शिर्के भाऊ, तुमच्या आकड्यात हे आहे?

शिर्के: टिप ऐच्छिक असते.

अँथनी: काही कंपन्यांत काउंटरवर जाऊन काढता येते. पण जहाजावर नोकरीला असताना आम्ही त्यावरच घर चालवलं. काढू नका.

वैशाली पाटकर: म्हणजे नाही धरलेली. पोर्ट चार्जेस? विमा? सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे का? जहाज परत तिथेच येणार आहे.

शिर्के: ताई, मी फुकट धावपळ करतोय. कोणाला हे काम अंगावर घ्यायचं असेल तर सगळी कागदपत्रं आणून देतो.

जोगळेकर: अष्टविनायकचीही द्या.

सेक्रेटरी: सर्वांना विनंती, हा ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे. उद्या टाकी धुणार, 11 ते 4 पाणी बंद.

सुलभा काकू: उद्या?? आणि हे रात्री सांगताय? माझ्याकडे उद्या पाहुणे आहेत.

सेक्रेटरी: खाली फळ्यावर तीन दिवस लिहिलंय.

नाईक आजोबा: अँथनी, खालची मधली केबिन म्हणालास, ती खिडकीची का?

अँथनी: दोन्ही असतात, आजोबा. बिनखिडकीची स्वस्त, पण सकाळ झालेली कळत नाही. बोट लागत असेल तर डेकवर येऊन लांब क्षितिजाकडे बघत बसायचं.

सेक्रेटरी: नाईक काका, गच्चीची चावी तुमच्याकडेच आहे ना? टाकीवाले नऊला येतील.